ताईच्या रुमालातली बुजलेली घरं

कॉलेजचं नवं वर्ष सुरू होण्याआधीच्या रविवारी बाई न चुकता ताईकडे जायच्या, आणि जाताना हातात एक रिकामी पिशवी असायची. त्या वर्षीही तशाच गेल्या. टळटळीत दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि बाईंच्या मनात म्हणाल तर काही म्हणजे काही नव्हतं. पुढे लोक विचारायचे, तुम्हाला आधी काहीच कसं जाणवलं नाही हो? आता काय सांगणार! पिशवी घेऊन बहिणीकडे निघालेल्या माणसाला काय जाणवायचंय?

बाई मेडिकल कॉलेजात शिकवत. शरीराच्या एकेका भागाचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, तो रंगवून काचेवर चिकटवायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा, आणि हे हाड की फुप्फुस की मूत्रपिंड ते ओळखायचं, असा त्यांचा विषय. पहिल्या वर्षाच्या पोरांना सगळंच गुलाबी नि जांभळं दिसतं आणि सगळी रडकुंडीला येतात. म्हणून बाईंनी एक पद्धत पाडली होती. प्रत्येक काचेशेजारी घरातली एक वस्तू मांडायची. हाडाशेजारी करवतीने कापलेलं लाकूड, आतल्या वर्तुळांसकट. मूत्रपिंडाशेजारी वाटीत बसवलेला लोकरीचा गुंडा. मज्जातंतूशेजारी आडवी कापलेली टेलिफोनची केबल. चरबीशेजारी काचसामानाला गुंडाळून येतं ते फुगेफुगेवालं प्लास्टिक. यकृताशेजारी षटकोनी फरशी, ती तर त्यांनी एका बांधकामावरून चक्क उचलून आणली होती. पोरं पाठीमागे त्यांना भंगारबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

पण या पद्धतीला एक लगाम होता. पहिल्याच तासाला बाई फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत, 'सारखं दिसतं म्हणून तेच असतं असं नाही.' ओळख पटायला वस्तू, निदान करायला काच. जो वस्तूवर विसंबला तो बुडाला. हे वाक्य त्यांनी पोरांकडून इतकं घोकून घेतलं होतं की जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले मोठमोठे डॉक्टर, लग्नाकार्यात भेटले तरी तेच म्हणून दाखवत.

"आलीस लुटायला?" दार उघडत ताई म्हणाली. "काय हवंय यंदा? फ्रीज तेवढा न्यायचा राहिलाय."

"फ्रीजसारखं शरीरात काही नसतं ग."

"असतं की. तुझं डोकं. राग नाही, लोभ नाही, थंडगार!"

ताईच तसं बोलू शकायची. आई गेली तेव्हा बाई शाळेत होत्या. वेण्या घालण्यापासून तापात उशाशी बसण्यापर्यंत सगळं ताईने केलं, स्वतःच्या लग्नानंतरही केलं, आणि त्याचा कधी चकार शब्द काढला नाही. आता ताई एकटीच होती. नवरा जाऊन बराच काळ झाला होता, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी. या मुलीला सगळे बबडी म्हणत. मोठी साहेबीण झाली तरी बबडीच.

"फुप्फुसासाठी काहीतरी जाळीदार दे," बाई म्हणाल्या. "स्पंज होता तो कुजला."

ताईने स्टुलावर चढून कपाटावरून क्रोशाचा एक चौकोनी रुमाल काढला. पांढरा, बारीक दोऱ्याचा, घरांची जाळी इतकी एकसारखी की यंत्राने विणल्यासारखी वाटावी. "कालच संपवलाय. जीव ओतलाय हो त्यात. तुझ्या त्या प्रेतांच्या खोलीत न्यायचा म्हणजे..."

"प्रेतं शेजारच्या खोलीत असतात. आमच्याकडे नुसत्या काचा."

"मोठाच फरक!" असं म्हणत ताई स्टुलावरून उतरली, आणि उतरल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. छाती वरखाली होत होती. बाईंनी विचारलं तर म्हणाली, वय झालं, दुसरं काय. बाईंनीही मान हलवली आणि रुमालाची घडी करून पिशवीत टाकली.

वर्गात त्यांनी तो काळ्या पुठ्ठ्यावर टाचला आणि शेजारी फुप्फुसाची काच लावली. निरोगी फुप्फुस मायक्रोस्कोपखाली खरंच असं दिसतं, नाजूक जाळी, मोकळी मोकळी घरं, मध्ये नुसती हवा. पोरं आळीपाळीने बघत होती. पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी मात्र काच सोडून रुमालच न्याहाळत बसली.

"मॅडम, या कोपऱ्यात घरं बुजलीत."

बाईंनी वाकून पाहिलं. खरंच. खालच्या उजव्या कोपऱ्यात घरांचा एक पुंजका आतून भरून आला होता. त्याच दोऱ्याने, त्याच सफाईने. कुठे गाठ नाही, टोक नाही. आणि भरलेल्यांच्या मधोमध एकच घर उघडं राहिलं होतं.

बाईंचं शिकवून हयात गेली होती. फुप्फुसाची घरं अशी भरत चालली तर त्याचा अर्थ काय, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण समोर पोरं, मागे फळा, आणि फळ्यावर त्यांचंच अक्षर. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "विणणारीची झोप झाली नसेल."

मधल्या सुट्टीत त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, रुमालाच्या कोपऱ्यात घरं भरलीस का ग तू?"

"मी? छे! मी कशाला भरू? जाळीची मजाच जाईल." आणि ताई खोकली. "धुळीचा खोकला आहे. माळा आवरला ना."

बाईंनी रुमाल विभागातल्या लाकडी कपाटात ठेवून दिला. जे दिसलं ते आपल्याच डोळ्यांची खोड, असं त्यांनी स्वतःला बजावलं. सवयीने माणसाला नको तिथे नको ते दिसतं. चार लोकांत कुणाला सांगितलं तर हसून हसून पुरेवाट होईल, म्हणतील भंगारबाई अखेर भंगाराच्याच नादी लागल्या.

पण कपाट उघडायचा मोह सुटेना. दर वेळी घरं थोडी जास्त बुजलेली असायची. हळूहळू, कोपऱ्याकडून मध्याकडे. बाई बघायच्या, कपाट लावायच्या आणि तासाला जायच्या.

एकदा कॉलेजला सुट्टी होती. राहिलेलं काम उरकायला म्हणून बाई एकट्याच विभागात आल्या. भर दुपार, खिडक्यांतून ऊन आलेलं, लांबच लांब टेबलांवर प्लास्टिकची टोपणं घातलेले मायक्रोस्कोप. इमारतीत दुसरं कुणी नाही. औषधांच्या त्या नेहमीच्या उग्र वासात आज आणखी एक वास मिसळला होता. बाई थबकल्या. तो वास त्या लहानपणापासून ओळखत होत्या. तापात पडलेल्या माणसाचं पांघरूण बाजूला केलं की येतो तो. उबट, दमट.

वास कपाटातून येत होता.

त्यांनी दार उघडलं. लाकूड, लोकर, केबल, सगळं जागच्या जागी. रुमाल पुठ्ठ्यावर टाचलेला... आणि मधला भाग किंचित वर येत होता. परत खाली बसत होता. वर... खाली. पंखा बंद होता. खिडक्या बंद होत्या. बाईंनी आपला श्वास रोखून धरला, तरी रुमालाचा चालूच होता, उथळ, भरभर, आणि वर येताना दर वेळी बुजलेल्या कोपऱ्यापाशी अडखळत होता.

त्यांनी हात पुढे केला. दोरा ऊबदार लागला. मग काय मनात आलं देव जाणे, त्यांनी वाकून कान लावला. कानाशी केसांची बट चिमटीत चोळली की येतो ना, तसा अगदी बारीक चरचर आवाज येत होता. आजारी छातीचा आवाज. हा ओळखायला शिकवतात तेव्हा पोरांना आधी स्वतःचे केसच चोळायला सांगतात. बाईंच्या तोंडून शब्द निघून गेला.

"ताई?"

आवाज थांबला. कुणीतरी कान देऊन ऐकावं तसा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

बाई तशाच उठल्या आणि तडक ताईकडे गेल्या. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. काहीही होवो, सांगायचं. उद्याच्या उद्या छातीचा फोटो काढायला लावायचा. ताईने वेड्यात काढलं तर काढू दे. दार उघडेपर्यंत सगळं पक्कं होतं.

"अग, अशा अवेळी? चेहरा का असा? बस आधी."

"ताई, तू... एकदा डॉक्टरला दाखवून घे ना."

"कशाला? हा खोकला? जाईल तो." ताईने पाण्याचा पेला पुढे केला आणि बाईंकडे निरखून पाहिलं. ताईचं ते पाहणं बाईंना लहानपणापासून माहीत होतं. त्याच्यापुढे खोटं बोलता यायचं नाही. "तुला काही दिसलंय का? खरं सांग."

आता बघा, एवढंच होतं. सरळ विचारलेला प्रश्न होता. हो, तुझ्या रुमालात दिसलंय, असं म्हणायचं होतं फक्त. बाईंचे ओठ हललेसुद्धा. पण त्या क्षणी त्यांना ते वाक्य स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं आणि लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांना जे करू नका म्हणून दटावलं, तेच आपण करायचं? एका विणलेल्या रुमालावरून बहिणीला आजारी ठरवायचं?

"दिसणार काय?" त्या म्हणाल्या. "आपली काळजी वाटते, झालं."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली, आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास बाईंना पुढे मरेपर्यंत विसरता आला नाही. तुला काही दिसलं नाही ना, मग माझं काही नाही, असा भरवसा होता त्यात. धाकटीच्या विद्येवर ताईचा फार विश्वास होता. खोकल्यासाठी मग ती कुणाकडेच गेली नाही.

शेवटी बबडी आली. आईचा आवाज फोनवर ऐकून रजा टाकून आली आणि ताईला जवळजवळ ओढत दवाखान्यात घेऊन गेली. फोटो झाला, सुई घालून तुकडा काढला. तुकड्याची काच तपासणारे डॉक्टर बाईंचेच सहकारी. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि मायक्रोस्कोप त्यांच्याकडे वळवला.

बाईंनी डोळा लावला. घरं बुजली होती. कुठवर बुजली होती, कुठे थांबली होती, ती पायऱ्यापायऱ्यांची कडा बाईंना रुमालावरून तोंडपाठ होती. आणि भरलेल्यांच्या मधोमध एकच घर उघडं होतं.

"आधी आल्या असत्या तर..." डॉक्टर पुटपुटले, आणि त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

दवाखान्यात ताई खिडकीपाशी होती. नाकाला नळी. बोलायला त्रास व्हायचा, तरी गप्प बसेल तर ती ताई कसली. त्या दुपारी बबडी औषधं आणायला खाली गेली, आणि बाईंनी ताईचा हात हातात घेतला.

"ताई, मला माहीत होतं ग."

आणि सगळं सांगितलं. रुमाल, घरं, कपाट, तो श्वास. ताईने डोळे मिटून ऐकलं. हसेल असं वाटलं होतं, रागावेल असं वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही.

"मग बोलली का नाहीस?" ताईने विचारलं. "मी विचारलं होतं ना तुला?"

एवढंच. आवाजात राग नव्हता, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलेलं. ताईने त्यांच्या हातावर थोपटलं, लहानपणी तापात थोपटायची तसं, आणि तोंड खिडकीकडे वळवलं. पुढच्या काही दिवसांत ती गेली. बाईंनी कपाट उघडलं तेव्हा रुमालात एकही घर उरलं नव्हतं. नुसतं पांढरं, ताठ, गार कापड. त्याला कसलाही वास नव्हता. त्यांनी तो नेऊन ताईच्या हाताखाली ठेवला आणि तिच्याबरोबरच जाऊ दिला.

बबडीलाही त्यांनी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती ऐकता ऐकता पांढरीफटक पडली. म्हणजे रुमालावर तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी ठेवला नसता, पण आईच्या हातचं काम तिला ठाऊक होतं.

"एवढं डोळ्यांनी दिसलं आणि तू मूग गिळून बसलीस?" ती म्हणाली. "कुणी हसेल म्हणून? मी असते ना मावशी, तर ओरडून ओरडून सांगितलं असतं. पाय धरले असते तिचे."

त्यानंतर ती मावशीशी बोलेनाशी झाली. तिचं चूक होतं असं बाईंना कधीच वाटलं नाही. त्यांनी नोकरी सोडली. भंगार खरोखरच भंगारात दिलं. घरात बसून राहायच्या, आणि दुपारच्या वेळी, सगळं सामसूम झालं की, ताईचा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायच्या. त्यांना जन्म परत मिळता तर त्यांनी दुसरं काही मागितलं नसतं. ते दार, तो पाण्याचा पेला आणि तो प्रश्न, बस्स.

मग एका दुपारी बेल वाजली आणि दारात बबडी उभी. वाळलेली, डोळ्यांखाली काळं. बबडीने मावशीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "आई नाही, आणि तूही नाहीस, असं किती दिवस राहू ग मी?" बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं रडू आलं. रडून झाल्यावर दोघींना हसूही आलं.

"तू बस, चहा मी टाकते," बबडी म्हणाली. "तुझा चहा म्हणजे गरम पाणीच."

ती स्वयंपाकघरात गेली. बाई बाहेरच्या खोलीत बसून तिची खुडबूड ऐकत होत्या. नळ सुटला, बंद झाला. गॅस पेटला. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं. घरात माणसाचा आवाज किती बरा वाटतो, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग खुडबूड थांबली. चहा उकळल्याचा आवाज येत राहिला, उतू गेल्याचा आला, गॅसवर चर्रर्र झालं, तरी बबडी हलल्याचं काही ऐकू येईना.

"बबडी?"

"हं... आले."

आली तेव्हा हातात कप होते आणि बशीत सांडलेला चहा. पर्स मघाशी बाहेर खुर्चीवर होती का आत नेली होती, कोण जाणे, आता ती तिच्या काखेत घट्ट दाबलेली होती. चहा तिने घेतलाच नाही. मावशीकडे बघत बसली. फार मायेने बघत होती. ते बघणं बाईंना नको झालं.

"मावशी, तुला बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीये?"

"नाही, सहज विचारलं." बबडी हसली. डोळे भरून आले होते तरी हसली. "मला निघायला हवं. गाडी चुकेल." दारात तिने मावशीला मिठी मारली, सोडली, आणि परत मारली. जिन्यावरून ती जवळजवळ पळतच गेली.

बाई स्वयंपाकघरात आल्या. ओटा बघितला, मांडणी बघितली. सगळं होतं तसं होतं. फक्त मोरीवरच्या भिंतीत एक खिळा रिकामा होता. त्याच्याखाली वाफेने पिवळ्या पडलेल्या भिंतीवर एक स्वच्छ पांढरा डाग होता, तिथे वर्षानुवर्षं काहीतरी टांगलेलं असणार. काय बरं? चाळणी? हातपुसणं? घासणी? स्वतःच्या घरातली, रोज हाताखालची वस्तू, आणि बाईंना काही केल्या आठवेना. त्यांनी खिळ्याला बोट लावलं. खिळा ऊबदार होता.

त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला गेला.

"बबडी, इथे खिळ्याला काय होतं ग?"

पलीकडून नुसता हुंदका आला.

"बबडी, मी रागावणार नाही. हसणारही नाही. तू बोल फक्त."

"काही नव्हतं मावशी." आवाज घोगरा होता. "रिकामाच होता खिळा."

बाईंनी डोळे मिटले. तिच्यावर रागवावंसं त्यांना क्षणभरही वाटलं नाही, पोरीची नुसती दया आली. जीव असलेल्या माणसाच्या तोंडावर ते म्हणवतच नाही, ओरडून सांगेन म्हणणारीलाही नाही. ताईला द्यायचं ते उत्तर आज त्यांना सापडलं होतं, आणि ऐकायला ताई नव्हती. फोन चालूच होता. बबडी ठेवत नव्हती. तिच्या हुंदक्यांमागून आणखी एक आवाज येत होता, अगदी जवळून, पर्समध्ये काहीतरी असावं तसा दबका. धप्प... धप्प... धप्प. ठरलेल्या लयीत.

बाईंनी नकळत मनगटावर बोटं ठेवली. लय एकच होती. फक्त दर खेपेला तिकडचा ठोका आधी पडत होता, आणि त्यांचा त्याच्या मागून.